प्रेरणेचा शेवटचा पेपर

ज्या विषयात मी दोनदा नापास झालो, त्या विषयाचं नाव 'प्रेरणा : सिद्धांत आणि उपयोजन' असं आहे. गणितात नापास झालेल्या माणसाला समाजात एक मान असतो. इतिहासात गचकलेला माणूस सनावळ्यांवर खापर फोडू शकतो. प्रेरणेत नापास झालेल्याला मात्र तोंड लपवायला जागा नाही, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की हा नुसता विषयात नाही, एकूणच ढेपाळलेला आहे. माझी मोठी मेहुणी तर तेव्हापासून मला टॉनिकच्या बाटल्या पाठवते.

नोकरी करता करता बाहेरून पदवीला बसलो होतो. बाकीचे सगळे पेपर सुटले आणि हा एक घशात अडकला. तो तसाच अडकून राहिला असता तरी माझी काही तक्रार नव्हती. पण विद्यापीठाने जाहीर केलं की जुना अभ्यासक्रम बंद होतोय. ज्यांचा पेपर राहिलाय त्यांना ही शेवटची संधी. या खेपेला गाडी चुकली तर आधी सुटलेले पेपरही बाद, आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. नेमके त्याच सुमारास आमच्या वजनमापे तपासणी कार्यालयातले हेडक्लार्क निवृत्त व्हायला निघाले. त्यांच्या खुर्चीला पदवी लागते. पदवी मिळाली तर खुर्ची माझी, नाही मिळाली तर चटपटची.

चटपट म्हणजे माझ्या हाताखालचा पदवीधर कारकून. कार्यालयात सगळे त्याला चटपटच म्हणतात, कारण तो काम वेळेत करतो आणि असा माणूस आमच्याकडे वेगळा उठून दिसतो. दुकानदाराचं वजन ताजव्यात कसं घालायचं, शिक्का कुठे मारायचा, साहेब चिडलेले असताना सही कशी घ्यायची, हे सगळं त्याला मी शिकवलं. तो मला काका म्हणतो. उद्या मी रजेचा अर्ज घेऊन त्याच्या टेबलापुढे उभा आहे आणि तो 'बसा ना काका' म्हणतोय, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं आणि माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिला कशाचंही निदान झटपट करायची सवय. पुस्तक उघडा आणि वाचा, असं ती म्हणाली. इतका सोपा उपाय ऐकून मला अपमान झाल्यासारखं वाटलं. वाचायचं कसं हे मला येतच होतं. वाचावंसं वाटायचं कसं, हा प्रश्न होता. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाचावंसं कसं वाटावं हे शिकवणारं पुस्तक माझ्यापुढेच होतं, आणि मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. मी ठरवलं की या खेपेला सिद्धांत पाठ करायचे नाहीत. ते स्वतःवर वापरायचे.

पहिलंच प्रकरण 'गरजांची उतरंड'. माणसाच्या गरजा मडक्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात म्हणे. तळाला अन्न आणि झोप, त्यावर सुरक्षितता, त्यावर माया, त्यावर मान आणि सगळ्यात वर आत्मविकास. खालचं मडकं भरल्याशिवाय वरच्याकडे लक्ष जात नाही. अभ्यास हा अर्थातच आत्मविकासाच्या मडक्यातला ऐवज. इतकी वर्षं मी खालची मडकी न तपासता एकदम वरच्यात हात घालत होतो, मग नापास होणार नाही तर काय. आता पद्धतशीर, तळापासून सुरुवात करायची असं मी ठरवलं.

आधी झोप. रोज लवकर आडवा व्हायला लागलो. पण परीक्षा जवळ येत असताना लवकर आडवं होणं म्हणजे काळजीला जास्त वेळ देणं, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. झोप येत नाही, झोप नाही तर पहिलं मडकं भरत नाही, ते भरत नाही तर अभ्यास सुरू होत नाही, अभ्यास नाही तर चटपट. ही साखळी मी उशीवर डोकं ठेवून इतक्यांदा मोजली की तिच्यावरच परीक्षा असती तर पहिला आलो असतो. शेवटी झोपेला 'बऱ्यापैकी' असा शेरा मारून मी पुढच्या मडक्याकडे वळलो.

सुरक्षितता. आमच्या दाराची कडी वाऱ्याने खडखडायची आणि दर खडखडाटाला मी दचकायचो. दचकणारा माणूस सुरक्षित कसा, म्हणून सुताराला बोलावलं. त्याने कडीकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराच्या कडेला बोटाने टकटक केलं, कान लावला आणि विचारलं, हा दरवाजा बसवला कोणी. कुठलाही कारागीर आला की आधीच्या कारागिराची चौकशी करतो, आणि आपण उगाच ओशाळतो. मी ओशाळलो. खालच्या अंगाला वाळवी लागली आहे, दार काढून दुकानात न्यावं लागेल, संध्याकाळी आणून देतो, असं म्हणून तो दार घेऊन गेला. कुठल्या संध्याकाळी, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

पुढे त्याचं लाकूड आलं नाही. लाकूड आलं तेव्हा रंधा मोडला. रंधा दुरुस्त झाला तेव्हा सुतार बहिणीकडे गेला. दाराच्या जागी आम्ही चादर लावली, आणि सुरक्षिततेच्या शोधात निघालेला मी एका चादरीच्या भरवशावर अभ्यासाला बसलो. वारा आला की चादर फुगायची आणि मी पुस्तक टाकून ती धरायला धावायचो.

पण चादरीने तिसरं मडकं मात्र आपोआप भरलं. दार असताना लोक घंटी वाजवायचे, घंटी वाजवण्याआधी थोडा विचार करायचे, आणि विचार केल्यावर बरेचसे परत जायचे. चादर बाजूला सारायला विचार लागत नाही. समोरचे निवृत्त हेडमास्तर आले. वरच्या मजल्यावरच्या कॅशियरबाई आल्या. आलेले सगळे मायेने माझ्या टेबलाभोवती उभे राहिले आणि तोंड पाहून म्हणाले की उतरलेत हो तुम्ही.

हेडमास्तरांपुढे मी बोलून गेलो की ही शेवटची संधी आहे. ही माझी घोडचूक. चौथ्या प्रकरणात असं आहे की ध्येय चारचौघांत जाहीर केलं की माणूस लाजेकाजेस्तव ते पुरं करतो, आणि हेडमास्तरांचं मतही अगदी तेच होतं. त्यांनी खाली जाऊन जिन्याजवळच्या फळ्यावर, 'उद्या पाणी येणार नाही' या सूचनेखाली, वळणदार अक्षरात लिहिलं की आपल्या इमारतीतील एक सभासद परीक्षेस बसत असून ही त्यांची अखेरची संधी आहे, तरी कृपया शांतता राखावी. 'अखेरची' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. त्या दिवसापासून जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे पाहून आवाज खाली करायला लागला. घरात कुणी गंभीर आजारी असलं की करतात ना, तसं.

कॅशियरबाईंना हे पटलं नाही. त्यांचा विश्वास बक्षिसावर. एक पान वाचलं की एक गोळी, असं म्हणून त्यांनी पेपरमिंटची एक बरणीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. हाही सिद्धांत पानं उलटताना पुस्तकात दिसला होता, सहाव्या प्रकरणात, चित्रासकट. फक्त एवढंच झालं की धास्तीने माझ्या तोंडाला कोरड पडायची आणि मी न वाचताच गोळ्या खायचो. बाई बँकेत असल्यामुळे येता-जाता बरणीवर नजर टाकायच्या. बरणीचा तळ दिसल्यावर त्यांनी कौतुकाने सगळ्या इमारतीत सांगितलं की आमच्या खालच्यांचं पुस्तक वाचून झालं, आता उजळणी चाललीय.

ते ऐकून हेडमास्तर तोंडी परीक्षा घ्यायला आले. सोबत बाई होत्या, आणि चादर अर्धी उघडी असल्यामुळे जिन्यात चपला काढायला थांबल्यासारखे आणखीही काहीजण होते. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न टाकला, प्रेरणा म्हणजे काय. मला सांगायला हरकत नव्हती. पण सगळे बघत होते, तोंडात गोळी होती, आणि डोकं अगदी कोरी पाटी झालं. मी छताकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. हेडमास्तर थोडा वेळ थांबले आणि मग उभ्या आयुष्याच्या सवयीने म्हणाले, "बाहेर उभा राहा."

आणि मी राहिलो.

नंतर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पुष्कळ माफी मागितली, पण मी माझ्याच घराबाहेर जिन्यात हाताची घडी घालून उभा होतो, हे बायकोने कामावरून येताना पाहिलं ते पाहिलंच. तिने चादर बाजूला करून मला आत घेतलं आणि चहा टाकला. मानाचं मडकं त्या दिवशी पार फुटलं.

त्यातच हॉल तिकिटाचं त्रांगडं उपटलं. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, नोकरी करताय तर कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र आणा, मग हॉल तिकीट देऊ. आमचे साहेब म्हणाले, हॉल तिकीट दाखवा, मग ना हरकत देऊ, नाहीतर कशाला हरकत नाही हे आम्हाला कळणार कसं. दोघांचंही बोलणं शंभर टक्के बरोबर होतं आणि त्या दोन बरोबरांच्या मधे माझी चटणी होत होती. मी खिडकी आणि साहेब यांच्यात खेटे घालत राहिलो. वाटेत पुस्तक उघडायचो, पण अक्षरांच्या जागी मला ती खुर्ची दिसायची.

शेवटी चटपटने माझा चेहरा पाहून काय झालं ते विचारलं. ऐकून घेतलं, आणि साहेबांच्या वतीने पत्र तयार केलं की हॉल तिकीट मिळण्याच्या अधीन राहून आमची हरकत नाही. साहेबांनी बिनबोभाट सही केली. चहा येण्याच्या आत काम झालं. म्हणाला, "काका, तुम्ही बिनधास्त जा. इथलं मी बघतो." माणसाने प्रतिस्पर्धी असताना निदान थोडं वाईट तरी वागावं. त्याच्या 'इथलं मी बघतो'ने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि त्याच्यावर रागावताही येईना.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा माझी चार प्रकरणं झाली होती आणि उरलेली तशीच पडली होती. पुस्तक मिटून मी बायकोला म्हणालो की मी जातच नाही. न बसता नापास झालं तर निदान असं म्हणता येतं की बसलोच नाही. ती कपडे घडी करत होती. तिने हातातला सदरा खाली ठेवला.

"तुम्हाला ते हवंय का?" तिने विचारलं. "खुर्चीचं सोडा. लोकांचंही सोडा. पदवी हवीय का तुम्हाला?"

हा प्रश्न कुठल्याच प्रकरणात नव्हता. मी खरं ते सांगितलं, की हवीय, फार हवीय, आणि ती मिळणार नाही या भीतीने मला पुस्तकाला हात लावायचीसुद्धा धास्ती वाटते.

"मग भीती वाटू दे," ती म्हणाली. "एकच करा. घंटा होईपर्यंत उठू नका. तुम्हाला दुसऱ्यासाठी उठायची फार सवय आहे."

ते खरं होतं. न्हाव्याकडे मागे कुणी ताटकळत असेल तर मी कल्ले सारखे व्हायच्या आत उठतो. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं की दुसरं दुखणं न सांगता बाहेर येतो. माझ्यामुळे कुणाचा खोळंबा होतोय असं वाटलं की मला बसवतच नाही. मी तिला वचन दिलं, पण ते देताना माझा आवाज काही फार खणखणीत नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुतार दार घेऊन आला आणि बसवून गेला. दार आता भक्कम झालं होतं, इतकं की सकाळी ते उघडेचना. बायको प्रयोगशाळेत लवकर गेली होती, आणि जाताना तिने जोर लावून ओढलेलं दार चौकटीत रुतून बसलं होतं. मी आतून ओढतोय, घड्याळ पुढे सरकतंय, घामाने हॉल तिकीट ओलं झालंय. माझ्या हाका ऐकून हेडमास्तर आणि कॅशियरबाई धावत आले आणि बाहेरून ढकलायला लागले. दार एकदम उघडलं आणि हेडमास्तर थेट माझ्या अंगावर आले. त्या अवस्थेतही त्यांनी मला प्रेरणेची व्याख्या सांगितली. मी चपला हातात घेऊनच जिना उतरलो.

परीक्षाकेंद्र म्हणजे एक शाळा होती. सुट्टीचा दिवस, आवारात चिटपाखरू नाही. मला वाटलं चुकून दुसरीकडेच आलो. एका वर्गाच्या फळ्यावर माझा एकट्याचा बैठक क्रमांक लिहिलेला होता. जुन्या अभ्यासक्रमाचे बाकीचे सगळे कधीच पास होऊन गेले होते किंवा शहाणे होऊन घरी बसले होते. माझ्या एकट्यासाठी एक केंद्रप्रमुख, एक पर्यवेक्षिकाबाई आणि एक शिपाई असे तिघे आले होते. केंद्रप्रमुखांना लग्नाला जायचं होतं, ते कडक इस्त्रीच्या कपड्यांवरून कळत होतं. बाईंनी पर्समधून नाटकाचं तिकीट काढून वेळ पाहिली आणि परत ठेवलं. शिपायाला काय करायचं होतं कळलं नाही, पण ते इथे करायचं नव्हतं हे नक्की.

प्रश्नपत्रिकेचं पाकीट उघडण्यापूर्वी ते मोहोरबंद असल्याची दोन परीक्षार्थींनी सही करायची असते. परीक्षार्थी एकच. यावर तिघांची बराच वेळ चर्चा झाली. दुसरा परीक्षार्थी नसताना पाकीट उघडणं नियमबाह्य, आणि न उघडणं त्याहून नियमबाह्य. अखेर केंद्रप्रमुखांनी तोड काढली की मी एकदा पहिला परीक्षार्थी म्हणून सही करावी आणि एकदा शेवटचा म्हणून. वाया गेलेला वेळ अर्थातच माझ्या खात्यातला.

प्रश्नपत्रिका हातात आली आणि पाटी पुन्हा कोरी झाली. कसंबसं उतरंडीचं चित्र काढलं, मडक्यांची नावं लिहिली, दोन व्याख्या आठवल्या त्या लिहिल्या. तिघेही माझ्याकडे पाहत होते. एवढ्या मोठ्या वर्गात पाहायला दुसरं काही नव्हतं. अर्धा वेळ झाल्याची घंटा झाली. यानंतर परीक्षार्थी जाऊ शकतो.

केंद्रप्रमुख जवळ आले आणि फार मृदू आवाजात म्हणाले की झालं असेल तर आमची काही हरकत नाही. बाई म्हणाल्या, जेवढं येतं तेवढं लिहावं, या वयात ताण घेऊ नये, तब्येत महत्त्वाची. शिपायाने एकेक खिडकी लावायला सुरुवात केली. माझं जुनं दुखणं उफाळून आलं. ही भली माणसं माझ्यामुळे खोळंबलीत. एकाचं लग्न, एकीचं नाटक. मी पेनाचं टोपण लावलं. खरं सांगतो, मी बाकावरून अर्धा उठलो होतो.

तेवढ्यात शिपाई शेवटच्या खिडकीपाशी बाईंना हळूच म्हणाला, "जाऊ द्या ना, बसून तरी काय दिवे लावणार आहेत."

मी खाली बसलो.

मला काय झालं ते सांगता येत नाही. आयुष्यभर लोक उठा म्हणायचे आणि मी उठायचो, आणि ते सगळं त्या एका क्षणी अंगाला झोंबलं. टोपण काढलं. पुढचा प्रश्न होता, ध्येयापासून विचलित करणाऱ्या बाह्य घटकांचा सोदाहरण परामर्श घ्या. उदाहरणांना मला काय तोटा. दाराचं लिहिलं, बरणीचं लिहिलं, फळ्यावरची रेघ लिहिली आणि प्रत्येकाला चिकटवायला कुठलातरी सिद्धांत हात जोडून उभाच होता. ज्या प्रकरणांना मी घाबरत होतो ती सगळी मी जगून बसलो होतो, फक्त वाचायची राहिली होती. उत्तरपत्रिका भरली. मी हात वर केला. तिघेही आनंदाने उभे राहिले.

"पुरवणी," मी म्हणालो.

शाळेत मी पुरवणी मागणाऱ्या मुलांना घाबरायचो. मी स्वतः आजवर कधी मागितली नव्हती. पुरवण्या कपाटात होत्या आणि कपाटाची किल्ली तळमजल्यावर होती. केंद्रप्रमुख स्वतः खाली गेले आणि घामाघूम होऊन परत आले, इस्त्री मोडली होती. ती पुरवणी संपल्यावर मी दुसरी मागितली. घंटा झाली तेव्हा मी वाक्याच्या मधे होतो. बाईंनी पुरवण्यांना दोरा बांधताना गाठ फार जोरात आवळली.

बाहेर आलो तर फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बायको बसली होती. प्रयोगशाळेतून लवकर निघून ती अर्ध्या वेळेच्या घंटेच्या आधीच तिथे आली होती. घंटा झाल्यावर फाटकाकडे बघायचं तिला धाडस होत नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. पेपर कसा गेला हे तिने विचारलंच नाही.

"बसलात," ती म्हणाली.

मी हो म्हणालो आणि आम्ही चालायला लागलो.

निकाल लागला तेव्हा मी पास होतो. गुण विचारू नका, पण पास ते पास. चटपटने माझ्या नव्या खुर्चीवर स्वतः फडकं मारलं. इमारतीत श्रेयाचं वाटप सुरू झालं. हेडमास्तरांचं म्हणणं, अंगावर पडता पडता सांगितलेल्या व्याख्येनेच काम झालं. कॅशियरबाई बरणीकडे बोट दाखवतात. सुतार म्हणतो, भक्कम दाराशिवाय अभ्यास होत नाही. मी सगळ्यांना मान डोलावून हो म्हणतो. नेमका कुठला सिद्धांत लागू पडला हे फक्त बायकोला माहीत आहे, कारण तिला मी शिपायाचं वाक्य सांगितलं.

"पुन्हा असं काही मोठं काम काढलंत तर आधी सांगा," ती म्हणाली. "चार माणसं आणून बसवते समोर, उठा म्हणायला."